लसीची तारीख पट्ट्यावरच लिहा

गोदाघाटावर उघड्यावर राहणारी माणसं स्वतःच्या घासातला घास कुत्र्याला देतात, पण रेबीजच्या लसीचं कार्ड पहिल्याच पावसात भिजतं आणि पुढची लस कधी, ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. आपण एवढं करू शकतो:

१. लस टोचली त्याच दिवशी कार्डाचा फोटो काढून जवळच्या टपरीवाल्याच्या मोबाईलवरही पाठवा.

२. नायलॉनच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने महिना आणि वर्ष लिहा, जसं ६/२०२५. शाई वाळली की वरून पारदर्शक चिकटपट्टी. अक्षरं पुसट झाली तर पुन्हा गिरवा.

पिल्लू असेल तर पट्टा दर आठवड्याला तपासा. पिल्लू भराभर वाढतं आणि पट्टा गळ्यात रुततो. आत दोन बोटं सहज जायला हवीत.