गिरगाव-दादरच्या जुन्या गल्लीतल्या नव्या टॉवरमधे फ्लॅट घेताय? आधी हे बघा

चाळ पाडून तिथेच टॉवर, असं गिरगाव, दादर, लालबागला गल्लोगल्ली चाललंय. सँपल फ्लॅट बघून लगेच चेक फाडू नका.

आधी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, तिथे पझेशनची तारीख, मंजूर प्लॅन, कोर्टकेसेस सगळं दिसतं. मग सीसी, म्हणजे पालिकेची बांधकाम सुरू करायची परवानगी (कमेन्समेंट सर्टिफिकेट), नीट वाचा, कारण सीसी बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते, आधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आणि मग वरचे मजले, त्यामुळे तुम्हाला विकताहेत तो 22वा मजला त्यात आहे का ते बघायचं, नुसतं "सीसी आलीये" ऐकून खूश व्हायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने भाडेकरू. सेस बिल्डिंग (दुरुस्तीसाठीचा सेस भरणारी जुनी इमारत) मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(7) या पुनर्विकासाच्या नियमाखाली असेल तर त्यांना किमान 300 चौरस फूट कार्पेटचं (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचं) घर मिळतं, ते तोवर कुठे राहतायत, बिल्डरकडून त्यांना भाडं वेळेवर येतंय का हे गल्लीतल्या वाण्याला विचारा, खरंच विचारा. भाडं थकलं की काम रखडायची भीती असते, आणि त्या माणसांचे हाल बघवत नाहीत हो.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त मागितले तर सरळ नाही म्हणा, कायदाच आहे तसा. भाव कार्पेटवरच बोला.

पार्किंग मेकॅनिकल आहे का? मेंटेनन्स वाढतो. आणि एकदा संध्याकाळी 7 ला गल्लीत गाडी घालून बघा, फायर ब्रिगेडचा बंब आत येईल का ते तिथेच कळतं.