सिबिलच्या उताऱ्यावरचा बोजा

औशात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की ती उघडून तांब्याची नवी तार भरून द्यायची, हा धंदा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मोटारी जळायच्याच थांबल्या. विहिरीत पाणी नाही तर मोटार चालवणार कोण? उधारी शेतकऱ्यांकडं अडकली आणि माझे हप्ते थकले. एक गाडीचा, एक दुकानासाठी घेतलेल्या कर्जाचा. गाडीचा पुढं कसाबसा फिटला. दुसऱ्याची ६२ हजारांची बाकी २०१८ ला कंपनीनं ३५ हजारांत मिटवली, तेव्हा घरी पुरणपोळी केली होती.

२०२१ ला गाळा घ्यायला कर्ज मागितलं. मॅनेजर स्क्रीनकडं बघत म्हणाले, "तुमचा स्कोअर ५६३ आहे, जमणार नाही." स्कोअर म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून दिलेला आकडा, तो ३०० ते ९०० मध्ये असतो; जेवढा जास्त तेवढा चांगला. ते ५६३ सुधारायला मला तीन वर्षं लागली. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसानं सोयाबीन गेल्यापासून दुकानात येणारा दर दुसरा माणूस हाच विषय काढायलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिलं काम म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीचा रिपोर्ट काढा. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन कार्ड आणि चालू मोबाईल नंबर लागतो. स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जासाठी चार ठिकाणी अर्ज टाकल्यावर. मी २०२१ ला रागाच्या भरात पाच फायनान्सवाल्यांकडं गेलो होतो. पाचही चौकश्या रिपोर्टवर उमटल्या.

रिपोर्ट सातबाऱ्यासारखा वाचायचा. सातबाऱ्यावर आपण आधी इतर हक्काचा रकाना बघतो, बोजा कोणाचा आहे ते. इथं तसं प्रत्येक खात्याचं 'स्टेटस' बघा. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं ती रक्कम बुडीत धरली; तुमचं देणं त्यानं माफ होत नाही. आणि 'सेटल्ड' म्हणजे कमी पैसे घेऊन मिटवलं. माझी पुरणपोळी इथंच फसली होती. मला वाटलं कर्ज संपलं, पण पुढच्या बँकेला तिथं असं दिसत होतं की या माणसानं पूर्ण पैसे दिलेले नाहीत.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांची हजेरी असते, मागच्या ३६ महिन्यांची. '०००' म्हणजे हप्ता वेळेवर, '०३०' म्हणजे तीस दिवस थकला. नव्वद दिवसांच्या पुढं गेलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत कर्जात धरते. पीककर्जाला हा हिशोब वेगळा आहे : सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर एनपीए. म्हणून पीक गेलं असेल तर थकायची वाट बघू नका. आधीच बँकेत पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाची मुदत आणि हप्ते नव्यानं बांधून घ्यायचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी बोललेलं बदली झालेल्या मॅनेजरसोबत जातं.

माझ्या रिपोर्टवर एक फ्रिजचं कर्जही होतं. मी फ्रिज कधीच हप्त्यानं घेतलेला नाही. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख मात्र दुसऱ्याची. आमच्याकडं एका गावात एकाच नावाची तीन माणसं सहज सापडतात. असलं काही दिसलं तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार टाकायची, आणि ज्यांनी कर्ज दिलं त्यांनाही लेखी कळवायचं. कारण सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्यानं दुजोरा दिला तरच नोंद बदलते. माझं काम चार महिने लटकलं. आता तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू झाला. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते.

दुसऱ्यासाठी जामीन राहिला असाल तर तीही खाती तिथं दिसतात. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला मी सही दिली होती. त्याचे हप्ते बरे चालले म्हणून वाचलो. भावकीत सही नाकारणं अवघड असतं हे मलाही कळतं, पण सही केली असेल तर निदान दर तीन महिन्यांनी हप्ता गेला का ते विचारत जा.

आता 'सेटल्ड' पुसायचं कसं? मी त्या कंपनीच्या शाखेत जाऊन सांगितलं, राहिलेले २७ हजार भरतो, पण आधी लेखी द्या की हे घेतल्यावर खातं 'क्लोज्ड' दाखवाल. ते पत्र मिळायला तीन चकरा झाल्या. पत्राशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे द्यायचे ते कर्जखात्यातच, वसुलीवाल्याच्या मोबाईल नंबरवर नाही. त्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचीही परवानगी नसते, हे तुम्हाला माहीत आहे असं नुसतं दाखवलं तरी आवाज खाली येतो. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं राहिलं नाही असं पत्र घ्या. जमिनीवर बोजा असेल तर तोच दाखला तलाठ्याकडं देऊन सातबाऱ्यावरून बोजा कमी करून घ्या. एवढं करायला लोक हटकून विसरतात.

सगळीच देणी एकदम फेडणं जमत नसेल तर? माझं मत असं की जे खातं चालू आहे, त्याचा हप्ता आधी. तिथं नवी '०३०' लागू द्यायची नाही. जुनं थकलेलं त्यानंतर, लहान रकमेपासून. तज्ज्ञ काय म्हणतात ते म्हणोत, मला दोन खाती बंद झाल्यावर जी झोप लागली ती व्याजाच्या हिशोबात बसत नाही.

जुनं मिटलं तरी स्कोअर लगेच चढत नाही. रिपोर्टला नवी चांगली हजेरी दाखवावी लागते. मी बँकेत १५ हजारांची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. स्कोअर नसला तरी हे कार्ड मिळतं, कारण तारण आपलंच असतं. त्याच्यावर फक्त पेट्रोल. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच वापरायचं आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून लहान आकडा असतो, तेवढाच भरत बसलात तर व्याजानं पुन्हा तिथंच याल.

भिशी कितीही नियमित भरली तरी या रिपोर्टवर येत नाही. पतसंस्थेचं कर्जही प्रत्येक ठिकाणचं येतंच असं नाही. मायक्रोफायनान्सचे हप्ते मात्र बायकांच्या नावावर बरोबर दिसतात, तेव्हा घरातल्या दोघांचेही रिपोर्ट काढा.

एक मधली गोष्ट राहिली. लातुरात एकानं 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणून माझे चार हजार नेले. त्यानं काय केलं? मी फुकट टाकू शकलो असतो तीच तक्रार टाकली, तीही चुकीच्या खात्यावर. खरी थकबाकी कोणीही खोडून देऊ शकत नाही.

२०२३ च्या दिवाळीला माझा स्कोअर ६८० होता, पुढच्या पावसाळ्यात ७३१. गाळ्याचं कर्ज झालं, व्याज जरा जास्तच लागलं. २०२५ पासून बँकांना या कंपन्यांकडं निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळं भरलेलं आता लवकर दिसतं. तसं चुकलेलंही.

चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचा वर्षाला एक रिपोर्ट फुकट, म्हणून मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढतो. कोणत्या मोटारीत कोणत्या गेजची तार, किती वेढे, हे जिच्यात लिहितो त्याच वहीच्या शेवटच्या पानावर चारही तारखा लिहून ठेवल्यात. पुढची संक्रांतीच्या आठवड्यात आहे.