दहा बाय दहाच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

धोबी तलावला जाऊन किंवा ऑनलाइन मागवून कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा स्टुडिओचा माइक) घरी येतो, टेबलावर उभा राहतो आणि पहिल्याच टेकमध्ये गाण्याबरोबर कुकरची शिट्टी, शेजारची मालिका आणि ग्रिलवरचा कावळाही ऐकू येतो. मुंबईत घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. यावर बरेच जण आणखी महाग माइक घेतात. तो तीच शिट्टी जास्त स्वच्छ पकडतो.

दोष खोलीचा आहे, त्यामुळे खर्चाआधी खोलीकडे बघा. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. भाड्याच्या घरात यातलं फारसं जमत नाही. खोलीतला घुमारा मात्र नक्की कमी करता येतो आणि त्यासाठी घरातली जाड गोधडी पातळ फोमपेक्षा चांगली. ती लोक माइकच्या मागे टांगतात, तिथे चूक होते. असे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकतात: तुम्हाला आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीला. गोधडी तुमच्या पाठीमागे हवी. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असेल तर उत्तमच.

माइकपासून चार बोटांवर गा. आवाज जवळून आला की बाकीचा कालवा आपोआप मागे पडतो. इतक्या जवळून खर्ज फुगतो, तेव्हा ८० हर्ट्झच्या खालचं लो-कट फिल्टरने काढून टाका. शूअर एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक माइक (स्टेजवरचा, दूरचं कमी पकडणारा) अशा घरात बऱ्याचदा जास्त कामाला येतो. पंखा बंदच ठेवायचा. मे महिन्यात ते सोसत नसेल तर एकेक कडवं वेगळं घ्या.

लेव्हलबाबत एवढंच: २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा सूर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला तर टेक पुन्हा घ्या, तो आवाज नंतर नीट होत नाही.

आवाज उशिरा येतोय, गुणगुणतोय, की चढा लागतोय?

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर आधी ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन हवा आणि तोही बंद कपांचा, नाहीतर क्लिकची (तालासाठी लावलेल्या मेट्रोनोमची) टकटक माइकमध्ये शिरते. मग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) साठवून पुढे पाठवतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३ च्या आत. गाताना बफर कमी ठेवा आणि मिक्सिंग करताना (सगळे आवाज एकमेकांशी जुळवताना) वाढवा, नाहीतर कॉम्प्युटर अडखळतो. विंडोजवर इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा असिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारं सॉफ्टवेअर, टाकलेला हवा. कंडेन्सरमधून काहीच येत नसेल तर इंटरफेसवरचं, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का ते पाहा. हसू नका, इथेच अनेकांची संध्याकाळ जाते.

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग बऱ्याचदा नावालाच असतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लागत असेल आणि जरा घाईत वाटत असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ किलोहर्ट्झच्या वेगाने वाजते आहे. प्रोजेक्ट आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) एकच करा. पेटीची गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअरमधली वाद्यं ४४० हर्ट्झच्या ‘ए’वर लावलेली असतात, जुनी पेटी तशी असेलच असं नाही. ट्यूनरवर पेटी तपासा आणि सॉफ्टवेअरची वाद्यं तिच्यापर्यंत आणा, कारण पेटी हलणार नाही.

तालाचंही आधीच ठरवा. बरीच सॉफ्टवेअर्स नवा प्रोजेक्ट मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आणि ४/४ मध्ये उघडतात. त्यावर दादरा वाजवला की पडद्यावरच्या चार-चार मात्रांच्या रेघा सहा मात्रांशी जुळत नाहीत आणि पुढचं कापणं-जोडणं त्रासाचं होतं.

महागडे मॉनिटर स्पीकर (मिक्सिंगसाठीचे स्टुडिओ स्पीकर) सुरुवातीला घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा फुटांच्या चौरस खोलीत सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज दोन्ही बाजूंनी साचतो. भिंतीशी तो फुगतो, बरोबर मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होतो. मग तुम्ही बेस वाढवता आणि टॅक्सीत तेच गाणं भडभडतं. हेडफोनवर मिक्स करा, मधूनमधून ओळखीच्या गाण्याशी ताडून बघा.

सॉफ्टवेअर चोरीचं वापरू नका, व्हायरस फुकट मिळतो. मॅकवर गॅरेजबँड मोफत आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये मात्र सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, हे गाणं अर्धं झाल्यावर कळू नये.

पावसाळ्यात माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. कंडेन्सर खरखरायला लागला तर दुरुस्तीला नेण्याआधी एक दिवस त्याच डब्यात ठेवून बघा. बऱ्याचदा नुसता ओलावाच असतो.