गजर कुडाळात, मिक्सिंग मुंबईत: मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात कसं न्यावं

गणपती महिन्यावर आले की सिंधुदुर्गातल्या भजनी मंडळांची नव्या गजरांसाठी धावपळ सुरू होते. रेकॉर्डिंग बुवांच्या माडीवर नाहीतर तालुक्याच्या गावातल्या छोट्या स्टुडिओत होतं. मिक्सिंग करणारा मात्र डोंबिवली-विरारकडे बसलेला असतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर इकडे रीपर किंवा ऑडॅसिटी, तिकडे प्रो टूल्स किंवा लॉजिक. इकडून प्रोजेक्टची फाइल मेलने जाते आणि तिकडून फोन येतो, "अरे, फाइल उघडना नाय!"

ती उघडणार नव्हतीच. रीपरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. कुठली क्लिप कुठे ठेवलीय, फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) किती वर आहे, कुठला प्लगइन (इफेक्टचं जोड-सॉफ्टवेअर) लावलाय एवढीच माहिती त्यात असते. पखवाजाचा आवाज त्यात नसतो, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा फक्त पत्ता असतो. ऑडॅसिटी ३.० पासून आवाजही प्रोजेक्ट फाइलीतच साठवते, पण ती फाइल रीपर, प्रो टूल्स, लॉजिक यांना वाचता येत नाही. त्यामुळे प्रोजेक्ट पाठवायच्या भानगडीत पडू नका. आवाज पाठवा, तोही असा की समोरच्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये.

आधी आवराआवर

प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. नको असलेले टेक काढून टाका. तीन टेक जोडून बुवांची एक ओळ केली असेल तर सांध्यांवर छोटे क्रॉसफेड (एक आवाज उतरताना दुसरा चढवणं) द्या आणि तो ट्रॅक एकसंध करा. 'ऑडिओ १७' हे नाव तुम्हालाही आठवड्याने कळणार नाही. नावाआधी क्रमांक घाला: ०१ बुवा, ०२ पेटी, ०३ पखवाज कणीक, ०४ पखवाज शाई, ०५ झांज, ०६ कोरस डावा. प्रत्यक्ष फाइलींना मात्र रोमन अक्षरांतच नावं द्या. झिप उघडताना देवनागरी नावांचा कधीकधी चिखल होतो.

सॅम्पल रेट

सॅम्पल रेट म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा. रेकॉर्डिंग ज्या रेटला झालं त्याच रेटला एक्सपोर्ट करा आणि तो आकडा लिहून कळवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न होता वाजली, तर ती जवळपास नऊ टक्के जास्त वेगाने धावते आणि सूर साधारण दीड अर्धस्वराने चढतो. म्हणजे काळी एकमध्ये गायलेला गजर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडतो, आणि मधला तो सूर पेटीवर नसतोच. सगळेच ट्रॅक एकदम चढले तर मिक्स करणाऱ्याला शंकाही येत नाही, बुवांचा आवाज आज जरा कोवळा लागलाय एवढंच वाटतं. म्हणून चिठ्ठीत स्केलही लिहा.

बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा) २४ ठेवा. एखादा ट्रॅक शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या, वर जात असेल तर ३२ बिट फ्लोट घ्या, म्हणजे शेंडे कापले जात नाहीत. नॉर्मलाइझ (प्रत्येक फाइल आपोआप मोठ्या आवाजावर नेणं) बंद ठेवा, नाहीतर हळू वाजलेली झांज बुवांच्या बरोबरीने ओरडायला लागते.

सगळ्या फाइली शून्यापासून

यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बुवांचा आलाप चालू आहे आणि पखवाज सव्वा मिनिटाने येतो, असं समजा. तुम्ही फक्त पखवाजाची क्लिप पाठवली तर ती नेमकी कुठे बसवायची हे तिकडच्या माणसाने ओळखायचं कसं? प्रत्येक फाइल प्रोजेक्टच्या आरंभापासून सुरू झाली पाहिजे आणि सगळ्यांची लांबी सारखी पाहिजे. पखवाजाच्या फाइलीत सव्वा मिनिट शांतता असेल तर असू दे, झिप केल्यावर तिचं वजन जवळजवळ उरत नाही. सगळ्या फाइली रिकाम्या सेशनमध्ये एकाखाली एक टाकल्या की गाणं जागच्या जागी उभं राहतं, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

रीपरमध्ये सगळे ट्रॅक निवडून 'रेंडर' उघडा. 'सोर्स'मध्ये 'स्टेम्स' (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल), 'बाउंड्स'मध्ये 'एंटायर प्रोजेक्ट' निवडा. मोनो ट्रॅक मोनोच ठेवायची खूणही तिथेच आहे, ती करा, उगाच दुप्पट वजन वाहू नका. लॉजिकमध्ये 'एक्सपोर्ट'खाली 'ऑल ट्रॅक्स ॲज ऑडिओ फाइल्स', एबलटनमध्ये 'ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स', क्यूबेसमध्ये 'ऑडिओ मिक्सडाउन' उघडून अनेक चॅनेल एकदम निवडायचे. ऑडॅसिटीत 'मल्टिपल फाइल्स' निवडताना पहिल्या क्लिपच्या आधीची मोकळी जागा कापण्याचा पर्याय दिसतो. त्यावरची खूण काढा, नाहीतर वरचं सगळं मुसळ केरात.

फाइली वेव्हच हव्यात. एमपी३ बनताना आवाजाचा दर्जा घसरतोच, शिवाय फाइलीच्या सुरुवातीला सेकंदाच्या काही शतांशांची शांतता घुसते. एकट्या गाण्यात ती कळत नाही. पण पखवाजाची कणकेची बाजू एमपी३मध्ये आणि शाईची बाजू वेव्हमध्ये गेली, तर एकच थाप दोनदा ऐकू येते किंवा खालचा घुमारा पोकळ होतो.

इफेक्ट ठेवायचे की काढायचे?

माझं मत: काढा. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा इफेक्ट) तर आधी बंद करा. प्लगइनची सेटिंग तिकडे जाईल ही आशाही सोडा. प्रो टूल्सला एएएक्स प्लगइन लागतात, लॉजिकला ऑडिओ युनिट, आणि तुमच्याकडे बहुधा व्हीएसटी असतात. कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तुम्ही नॉइज रिडक्शनने घासून काढला असेल तर मूळ ट्रॅकही द्या. घासून घासून बुवांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला असेल, तर तो मुंबईत कोणी परत आणू शकत नाही. एखादा इको गाण्याचाच भाग असेल तर त्याची 'इफेक्टसह' अशी दुसरी फाइल करा.

कीबोर्ड मिडीवर (आवाज नाही, कुठली पट्टी कधी दाबली एवढीच नोंद) वाजवला असेल तर त्याचा ऑडिओ द्या आणि मिडी फाइलही द्या. टेम्पोचा (लयीचा) आकडा क्लिकवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या टिकटिकीवर, वाजवलं असेल तरच कळवा. गजराची लय चढत जाते, आणि क्लिकशिवाय वाजलेल्या प्रोजेक्टमधला १२० हा आकडा सॉफ्टवेअरने आपला आपण भरलेला असतो.

एएएफ, ओएमएफ हे अदलाबदलीचे फॉरमॅट आहेत. क्लिपांची कापाकापी तशीच्या तशी पुढे न्यायची असेल तेव्हा ते उपयोगी पडतात. पण रीपर एएएफ थेट वाचत नाही, आणि ओएमएफला २ जीबीची मर्यादा आहे. बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट हा खुला फॉरमॅट आणला. स्टुडिओ वन ६.५ आणि क्यूबेस १४ मध्ये तो चालतो. दोन्हीकडे सोय असेल तर जरूर वापरा, वेव्ह फाइली मात्र सोबत द्याच.

पाठवण्याआधी तपासा

नवीन रिकामं प्रोजेक्ट उघडा, सगळ्या फाइली शून्यावर आणा आणि ऐका. शक्यतो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा, ऑडॅसिटी फुकटच आहे. आणखी कडक परीक्षा हवी असेल तर मास्टरवर काही न लावता मूळ प्रोजेक्टचं एक मिक्स काढा आणि त्याच फेडर-पॅनसकट (पॅन म्हणजे आवाजाची डावी-उजवी जागा) स्टेम्स काढा. दोन्ही एकत्र ठेवून मिक्सची फेज उलटी करा, म्हणजे त्याची लहर वरची खाली होते आणि सारखे आवाज एकमेकांना खोडतात. सगळं बरोबर असेल तर शांतता होते. झांज ऐकू येत राहिली तर घोळ झांजेच्या फाइलीत आहे. पॅनचा हिशेब प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा असू शकतो, म्हणून ही परीक्षा मूळ सॉफ्टवेअरमध्येच घ्या.

तुमचं कच्चं मिक्सही सोबत द्या. कोरस किती मागे हवा ते फोनवर सांगून कळत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोचं एक मिनिट सुमारे ८.६ एमबी होतं. आठ मिनिटांचा गजर आणि चौदा ट्रॅक म्हणजे जवळपास १ जीबी. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर झिप करून डॉक्युमेंट म्हणूनच, ऑडिओ म्हणून नाही. श्रावणात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे, त्यामुळे अपलोड रात्री लावून ठेवा. तेही जमेना तर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्ही तो वाचतात, आणि कोकणकन्येने जाणाऱ्या ओळखीच्या कोणाच्या हाती द्या. सकाळी मुंबईत पोचतो.

मग दोन दिवसांनी बुवा म्हणणार की दुसऱ्या कडव्यातली एक ओळ परत गायचीय. पुन्हा सगळं पाठवू नका. तीच ओळ मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या, तो एकच ट्रॅक शून्यापासून पूर्ण लांबीचा एक्सपोर्ट करा आणि नावापुढे '२' लावा. जुन्या नावाने नवी फाइल कधीही पाठवू नका. तिकडच्याने ती जुन्याखाली ठेवली की झालं.