परमिट रूममध्ये जेवावं की फॅमिली रेस्टॉरंटमध्ये? खान्देशात पैसे कुठे वसूल होतात ते असं बघा

जळगाव घ्या, धुळे घ्या, भुसावळ घ्या, चार जण जेवायला निघाले की वाद ठरलेला, एक म्हणतो परमिट रूमचं जेवण भारी असतं, दुसरा म्हणतो तिथे लुटतात, फॅमिली रेस्टॉरंटला चला. दोघंही मेनूकार्डवरचे रेट धरून भांडतात आणि नुसत्या रेटवरून काहीच कळत नाही भो.

आधी दोन्हीकडे एकच डिश मागवा. आपल्याकडे ती शेवभाजीच, कारण ती सगळीकडे मिळते आणि तिच्यात काटकसर केली की लगेच दिसते. वाटी आली की घाई करू नका. शेव जाड, तिखट आणि वाढायच्या वेळी टाकलेली असली पाहिजे, म्हणजे पहिल्या घासाला आतून थोडी कडक लागते. फुगून लगदा झाला असेल तर भाजी करून ठेवलेली होती. मग चमचा तळाशी घालून रस्सा उचला, कांदा-खोबरं नीट भाजून वाटलेलं असेल तर रस्सा काळपट आणि अंगचाच दाट असतो, वर तर्री आणि खाली पाणी असेल तर तुम्ही तेलाचे पैसे देताय. आणि एक्स्ट्रा रस्सा फुकट आहे का ते ऑर्डरच्या आधीच विचारा, असेल तर चौघांत दोन शेवभाज्या आरामात होतात.

मग हिशोब माणशी करा. समजा परमिट रूममध्ये भाजी 20 रुपयांनी स्वस्त आहे पण भाकरी 10 रुपयांनी महाग, चौघांनी तीन-तीन भाकरी खाल्ल्या की 120 रुपये जास्त गेले आणि दोन भाज्यांवर वाचले फक्त 40. पाण्याच्या बाटलीचंही तसंच, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटवाले बाटली एमआरपीच्या वर विकू शकतात, म्हणून बसल्या बसल्या साधं पाणी मागा.

क्वालिटीचं माझं मत स्पष्ट आहे. तंदूर आणि चिकन-मटण खायचं तर चांगल्या चालणाऱ्या परमिट रूममध्ये जा, तिथे रात्री तंदूर सतत पेटलेला असतो, माल पडून राहत नाही. पण साधी भाजी-भाकरी, वरण-बट्टी, थाळी तिथे मागवू नका, तिथली भाजी बऱ्याचदा ग्लाससोबत चालावी म्हणून जास्त खारट आणि तिखट असते, पोरंबाळं सोबत असतील तर हाल होतात. फॅमिली सेक्शन आहे म्हणून किचन वेगळं असतं असं नाही. आणि एसी हॉलचा रेट वेगळा आहे का तेही विचारून घ्या, पदार्थ तोच असतो.

बिल वाचायला लाजू नका. मोठी महागडी हॉटेलं सोडली तर जेवणावर जीएसटी 5 टक्के, दारूवर जीएसटी लागतच नाही, त्यामुळे सगळ्या बिलावर सरसकट जीएसटी लावला असेल तर तिथेच थांबवा. छोटं रेस्टॉरंट कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि दारू विकणाऱ्याला ती स्कीम मिळत नाही, म्हणजे त्याच रेटला छोट्या रेस्टॉरंटचं बिल खरंच कमी येतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही असं 2022 पासून ठरलंय, काढून टाका म्हणायचं, ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा लायसन्सचा, 14 आकडी नंबर पण बघा.

राहिलं भरीत. त्यासाठी हे दोन्ही पर्याय सोडा असंच मी सांगेन. थंडीत जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडची हिरवी मोठी वांगी येतात, ती वाळक्या काड्यांवर भाजून बडगीत (ठेचायचं लाकडी भांडं) ठेचली की जो धुराचा वास राहतो तो गॅसवर भाजलेल्याला येत नाही. हिवाळ्यात भरीत सेंटरवरून किलोवर घ्या, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी किंवा पुऱ्या, कांद्याची पात. एरवी बाराही महिने मेनूवर भरीत दिसलं तर वांगी कशावर भाजता एवढं विचारा, वेटर गॅसवर म्हणाला की शेवभाजीच सांगा.