प्रोसेसर बदलण्याआधी केबल बघा : अपग्रेड करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून माझा मावसभाऊ अख्खा कॅबिनेट प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून लाल बसनं बेळगावात शहापूरला माझ्या घरी आला. चप्पल काढायच्या आत तक्रार सुरू. "दादा, नवा प्रोसेसर घातला, डिस्प्लेच येईना. पीसच बाद निघाला की."

जुना होता रायझन ३ ३२००जी, नवा रायझन ५ ५६००. बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दुकानातच अपडेट करून आणलेलं. मी मागं वाकून बघितलं. एचडीएमआयची केबल मदरबोर्डाच्या पोर्टात. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळं त्या पोर्टातून चित्र येणार कुठून? केबल काढून खाली ग्राफिक्स कार्डात लावली, विंडोज समोर हजर.

पण खरी गंमत पुढंच होती. "ही केबल आधीपण इथंच होती काय रे?" तो गप्प. दिवाळीत ग्राफिक्स कार्ड घातलं, पण केबल हलवलीच नव्हती. बोर्डानंही आतलं ग्राफिक्स चालूच ठेवलेलं. म्हणजे आठ महिने गडी ३२००जीच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळत होता, कार्ड नुसतं पंखा फिरवत बसलेलं, आणि गेम अडकतो म्हणून शिव्या प्रोसेसरला. केबलची जागा बदलली असती तर कदाचित हा खर्च पुढच्या वर्षावर गेला असता.

म्हणून माझ्याकडं कुणी "कुठला प्रोसेसर घेऊ?" विचारत आला की मी आधी आफ्टरबर्नर (वापराचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावायला सांगतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५-९९ टक्के दिसत असेल तर प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलाय, त्याला बदलून काही हाती लागत नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) पडतोय, मग प्रोसेसरवर संशय घ्या (एफपीएसला गेममध्येच मर्यादा लावलेली नाही ना, एवढं बघून). इथं एक फसगत होते. "प्रोसेसर तर ४० टक्केच वापरात आहे, तो कसा कमी पडेल?" तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. गेमचा मुख्य धागा (थ्रेड, म्हणजे त्याचं मुख्य काम) एकाच कोअरवर अडकला असेल तर बाकीचे कोअर रिकामे असून उपयोग नाही. याहून सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा. भसकन वाढला तर कार्डाचा.

घ्यायचं ठरलंच, तर नावातल्या एका आकड्यावर जाऊ नका. ५५०० आणि ५६०० दोन्ही सहा कोअरचे, पण ५५०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्डाशी जोडणारी वाट) ३.०, ५६०० मध्ये ३२ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ४.०. गेमला कॅशे फार लागते. २०२२ साली आलेल्या ५८००एक्स३डीनं जुन्या एएम४ (रायझनचं आधीचं सॉकेट) बोर्डांना नवं आयुष्य दिलं ते ९६ एमबी एल३ च्या जिवावर. इंटेलवाल्यांनी सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि बोर्डाची पिढी नीट तपासावी. आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात बसतो, पण चालत नाही. कोल्हापुरातून स्वस्तात सेकंडहँड बोर्ड आणणारे यात हमखास सापडतात.

आता कूलर काढायची गोष्ट. ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, केसासारख्या बारीक. सॉकेटचा दांडा त्या पिना धरतो, पण वरून घट्ट दाबणारं काही नसतं. दोन-तीन वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) वाळून डिंकासारखी होते. मी चारही स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर ओढला. कट्‌ असा आवाज आला. बघतो तर प्रोसेसर कूलरला चिकटून हातात, दांडा मात्र खाली तसाच बंद. कोपऱ्यातल्या सात पिना आडव्या. शेजारच्या सोनारकाकांकडून भिंग मागून आणलं, ०.५ ची खटक्याची पेन्सिल घेतली, शिसं काढून तिची पोकळ नळी एकेका पिनेवर चढवली आणि श्वास रोखून सरळ केल्या. दीड तास गेला. काका मागं उभं राहून म्हणाले, "आमच्या धंद्यात ये की."

तुम्ही असं करा: आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळा आणि सुटल्याची खात्री झाली की उचला. एएम५ आणि इंटेलच्या नव्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, तिथं प्रोसेसर बसवताना हातातून पडला तर बोर्ड गेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सॅनिटायझरनं नको. नवी पेस्ट वाटाण्याएवढी बास. आणि नव्या कूलरच्या तळाचा पारदर्शक कागद काढा. हसू नका, दोन वेळा बघितलंय.

बायोस अपडेट नवा प्रोसेसर घालायच्या आधी, जुना चालू असतानाच करायचं. आपल्याकडं जून-जुलैत लाइट कधी जाईल नेम नसतो. बायोस लिहिलं जात असताना लाइट गेली तर बोर्ड दगड होऊ शकतो. त्यामुळं यूपीएस नसेल तर बाहेर पाऊस बघून हात घाला. त्याहून जास्त लोक अडकतात ते बिटलॉकरमध्ये (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन). प्रोसेसर बदलला की त्याच्यातला एफटीपीएम (कुलपाच्या चाव्या सांभाळणारा भाग) बदलतो आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे का ते आधी बघून कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर जातात, हेही लक्षात असू द्या. व्हॅलोरंट हा गेम 'व्हॅन ९००१' अशी चूक दाखवून अडला तर टीपीएम आणि सिक्युअर बूट परत चालू करा, गेम पुन्हा डाउनलोड करत बसू नका.

रॅमचा एक्सएमपीही (तिला पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) त्याच वेळी बंद होतो. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते, आणि नवा प्रोसेसर जुन्यासारखाच वाटतो. दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्यामुळं इथं कूलरवर खर्च करणं लोकांच्या जिवावर येतं. हवा थंड आहे हे खरं, पण तुमचा कॅबिनेट त्या हवेत नसतो, तो असतो टेबलाच्या लाकडी कप्प्यात, दार लावून. ५६०० ची तापमान मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो आपला वेग कमी करतो आणि गेम अडकतो. आधी कप्प्यातून बाहेर काढा, मग कूलर बघू.

ट्यूनिंगमध्ये लोकांची घाई नडते. व्हिडिओत कुणी तरी कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे ३० लावलं म्हणून आपणही लावायचं. प्रत्येक प्रोसेसरचं सिलिकॉन वेगळं असतं. उणे १० पासून सुरू करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. गेम तासभर चालला म्हणजे जमलं असंही नाही. असे प्रोसेसर बंद पडतात ते बऱ्याचदा काही काम नसताना, नुसता ब्राउझर उघडा असताना, कारण कमी भारात एकेक कोअर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसला की आकडा पाचानं मागं घ्या.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर ट्यूनिंगच्याही आधी बायोस. जास्त व्होल्टेजमुळं ते अस्थिर होत होते, हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोड (बायोसमधून मिळणारी प्रोसेसरची दुरुस्ती) ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी दिलं, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मात्र अपडेटनं भरून येत नाही. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असून गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणत बंद पडत असेल, तर कार्ड विकायला काढू नका. आधी प्रोसेसरची वॉरंटी तपासा.

सगळं जोडून पडदा काळाच राहिला, तर वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची वायर बघा, बोर्डावरचा कुठला छोटा दिवा पेटलाय ते बघा, आणि शेवटी वायर काढून सीआर२०३२ चं बटन सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) चा नवा बोर्ड असेल तर यातलं काहीच लगेच करू नका. पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घ्यायला तो कित्येक मिनिटं घेतो. पॉवरचं बटन दाबलंत की आत जाऊन चहा टाका.