कार्डाचा कागद जुना दिसावा म्हणून चहापत्ती

तान्ह्या पोळ्याला पोरं घरीच कार्ड करतात, पण तो पिवळसर जुन्या वळणाचा कागद पाहिजे तर तालुक्याला जावं लागते आणि महाग पडते ते वेगळं. घरी असा होते:

१. 1 कप पाण्यात 2 चमचे चहापत्ती 5 मिनिटं उकळा, गाळून पूर्ण थंड करा.
२. पसरट ताटात ओतून ड्रॉइंगचा जाड कागद 5 मिनिटं बुडवा. वहीचा पातळ कागद घेऊ नका, उचलतानाच फाटते.
३. दोन्ही हातांनी उचला, सावलीत थोडा ओलसर राहील इतकाच सुकवा.

खरी गोष्ट पुढं आहे. पूर्ण सुकू दिला की कागद पापडासारखा वाकडा होते, म्हणून थोडा ओलसर असतानाच दोन सुती कापडांच्या मधात ठेवून कमी गरम इस्त्री फिरवा, लाइट नसली तर तसाच गव्हाच्या डब्याखाली रात्रभर दाबून ठेवा, सकाळी एकदम सरळ निघते. डाग कमीजास्त पडले तर पडू द्या, त्यानंच तो छान दिसते. उरलेल्या तुकड्यांवर जुने फोटो चिकटवून भिंतीला लावले, मस्त दिसतात.

फक्त दूध-साखरेचा उरलेला चहा वापरू नका, मुंग्या लागतात. आणि लिहायचं ते सुकल्यावरच, आधी लिहिलं तर शाई पसरते.